इशारा पोचला पाहिजे

पोलीस मुख्यालयाच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोरच वर्दी शिवून देणाऱ्या बाईचं दुकान होतं. दहा बाय बारा फुटांची खोली, दोन मशिनं, एक लांब कापायचं टेबल, आणि भिंतीवर खुंट्यांना लटकवलेले बिनबाह्यांचे, बिनकॉलरचे अर्धवट शर्ट. वीस वर्षं ती पोलिसांचे कपडे शिवत होती. कुठल्या साहेबाचं पोट कुठल्या साली किती सुटलं, हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळायचं. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या आणि टाचण्या काढून बोलायला लागली की शब्दही तसेच यायचे, म्हणून सगळं पोलीस दल तिला टाचणी म्हणायचं. तोंडावर 'टाचणीताई', पाठीमागे नुसतंच 'टाचणी'. तिला दोन्ही चालायचं.

"टोचते म्हणूनच कापड जागेवर राहतं," असं ती म्हणायची.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ती, तिची आई आणि थोरला भाऊ राहायचे. दादा सुतार होता. तिसऱ्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि दोन्ही कान कायमचे गेले. पण हात असे, की कपाटाचं दार त्याने बसवलं तर कागदसुद्धा फटीत जायचा नाही. बोलायचाही तो हातांनीच. भाऊ-बहिणीने लहानपणी आपापसात खुणा तयार केल्या होत्या, पुढे दादा शाळेत जाऊन खऱ्या खुणा शिकून आला आणि त्याने त्या घरात सगळ्यांना शिकवल्या. दोघं भांडायलाही हातांनीच भांडायची. भांडण फार वाढलं की आई सरळ उठून दिवा घालवायची. अंधारात एकमेकांचे हातच दिसायचे नाहीत, मग काय भांडणार कपाळ!

एका बुधवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, दादा एका घरी कपाट बसवून परत येत होता. हत्यारांच्या पिशवीचा बंद वाटेत तुटला होता. पिशवी काखेत मारून बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन त्याने उजव्या हातात धरलं होतं. त्याच दुपारी गावातली एक सराफी पेढी लुटली गेली होती. दोघं जण, दोघांकडे पिस्तुलं. झाडून सगळे पोलीस रस्त्यावर उतरले होते. फळबाजाराच्या गल्लीत एका शिपायाला पाठमोरा माणूस दिसला. उंच, करडा शर्ट, काखेत पिशवी, आणि हातात पिस्तुलासारखं काहीतरी.

शिपाई ओरडला, "थांब! हातातलं खाली टाक!"

एकदा, दोनदा, तीनदा. गल्लीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. फळवाले गाड्यांखाली शिरले, बायकांनी पोरांना दुकानात ओढलं. अख्ख्या गल्लीत एकच माणूस सरळ चालत राहिला. समोरचा केळीवाला गाडीखाली का घुसतोय, हे बघून दादा चमकला आणि मागे काय झालंय ते पाहायला वळला. त्याच्याबरोबर हातातलं ड्रिलही वळलं.

गोळी उजव्या खांद्यात लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला आहे, पण खांद्यातली नस दुखावली आहे. उजव्या हाताची बोटं किती हलतील ते आज सांगता येत नाही. आई इतका वेळ धीराने बसली होती. हे ऐकल्यावर मात्र ती भिंतीला टेकली.

"हात काय म्हणताय डॉक्टर," ती म्हणाली, "जीभ गेली हो माझ्या लेकाची."

खरे लुटारू दोन दिवसांनी दुसऱ्याच गावात सापडले. चौकशी बसली, उठली, आणि सहा आठवड्यांनी घरी पत्र आलं. चार ओळींचं. शिपायाने तीन वेळा मोठ्याने इशारा दिला होता, इशारा न पाळता इसम शस्त्रासारखी वस्तू घेऊन वळला, सबब गोळीबार नियमाला धरूनच झाला आहे. दादाने पत्र वाचलं आणि डाव्या हाताने बहिणीला विचारलं, 'माझी चूक होती का नव्हती, ते कुठे लिहिलंय?'

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

टाचणी तडक रस्ता ओलांडून मुख्यालयात गेली. "कुठला नियम? मला तो वाचायचाय."

कारकून ओशाळला. "ताई, ते पुस्तक बाहेरच्यांना देत नाहीत."

"तुमची पँट बसता बसता उसवते तेव्हा मीही म्हणू का, बाहेरच्यांचं शिवत नाही म्हणून?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि अर्ज कुठे, कुणाकडे आणि कसा करायचा ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एकोणीस दिवसांनी नियमांची प्रत हातात पडली. नऊ पानं. ती कापायच्या टेबलावर पसरून टाचणी ओळ न् ओळ वाचत बसली.

तिला वाटलं होतं, आत सगळा मनमानीचा कारभार असेल. पण नियम वाईट नव्हते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव जात असेल तरच गोळी झाडावी. दुसरा मार्ग असेल तर झाडूच नये. नुसता पळतोय म्हणून कुणावर झाडू नये. गरजेपेक्षा एकही जास्त नको. जखमीला पहिली मदत पोलिसानेच करावी, आणि सुटलेल्या प्रत्येक गोळीचा जाब लेखी द्यावा. कुणीतरी विचार करून, माणसाच्या जिवाची बूज राखून लिहिलेलं होतं. मग चौथं कलम आलं: 'गोळी झाडण्यापूर्वी मोठ्या व स्पष्ट आवाजात इशारा द्यावा.'

त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. शिवणकाम करणाऱ्याला चूक कुठे आहे ते कापड बघूनच कळतं. इथे माप एकाच माणसाचं घेतलं होतं, ओरडणाऱ्याचं. ज्याच्यासाठी ओरडायचं त्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं.

त्याच आठवड्यात तो शिपाई दुकानात आला. साधे कपडे, दाढी वाढलेली, ताडमाड उंच. दलात त्याला लांब्या म्हणायचे. नोकरीला जेमतेम चार वर्षं झाली होती.

"मी तो," एवढंच तो म्हणाला.

टाचणीची कात्री कापडात तशीच थांबली. "मग? नियमाला धरून आलायस का?"

तेवढ्यात मागच्या दारातून दादा आला. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. त्याने लांब्याला ओळखलं. तरी पायाने स्टूल पुढे सरकवून बस म्हणून खूण केली. टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण दादा डाव्या हाताने अडखळत बोलायला लागला आणि तिला ते सांगणं भाग पडलं.

"दादा विचारतोय, किती वेळा ओरडलास?"

"तीनदा."

"मी थांबलो नाही, तेव्हा तुला काय वाटलं?"

"वाटलं, माजलाय. ऐकूनही ऐकत नाही."

टाचणीने ते हातांनी सांगितलं. दादाचे खांदे हलले. तो हसत होता. "दादा म्हणतोय, शाळेतल्या मास्तरांनाही अगदी हेच वाटायचं."

लांब्याला मात्र हुंदका आवरला नाही. जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "ताई, आम्हाला शिकवतात ते इतकंच. इशारा द्या. उत्तर आलं नाही म्हणजे धोका. या दोहोंच्या मध्ये काय करायचं, ते कुणी शिकवलंच नाही. मला ड्रिल दिसलं नाही. मला पिस्तूलच दिसलं. आजही डोळे मिटले की पिस्तूलच दिसतं."

टाचणीने नऊ पानांची प्रत त्याच्यापुढे टाकली. "मग हे बदलायचं. चारचौघांत सांगशील, आत्ता मला सांगितलंस ते?"

"माझेच लोक मला फितूर म्हणतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर झोप लागणार नाही," लांब्या म्हणाला. "ती तशीही लागत नाही."

हे नियम दर काही वर्षांनी तपासायला सरकार समिती नेमत असे. तशी समिती नेमलेली होती आणि सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात आली होती. टाचणीने एका पानाची सूचना पाठवली. मागणी एकच: इशारा दिला एवढ्याने भागू नये, तो पोचला की नाही हे पाहायला हवं. महिन्याभराने बोलावणं आलं.

तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा पेला. मधोमध समितीच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश बाई. त्यांच्या उजव्या हाताला पोलीस शाळेत तीस वर्षं नेमबाजी शिकवणारे उस्ताद. मिशा पांढऱ्या, कंबर बेचाळीस. ते माप टाचणीला पाठ होतं, त्यामुळे तिला त्यांची भीती वाटेना.

आधी लांब्या उठून बोलला. चाचरत, पण आडपडदा न ठेवता. मागच्या रांगेतून कुणीतरी 'शाब्बास रे बहाद्दर' असं खवचटपणे पुटपुटलं. तो लाल झाला, पण बोलायचा थांबला नाही. मग टाचणीने आपलं म्हणणं मांडलं.

उस्तादांनी घसा खाकरला. "बाई, तुमच्या भावाचं झालं ते वाईटच झालं. पण समोर बंदूकवाला उभा असताना माझी पोरं 'बाबा रे, पोचलं का' म्हणून विचारत बसली, तर तिरडी त्यांची उठेल. मी सात जणांना खांदा दिलाय. आठवा नको."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते टाचणीलाही कळलं.

"मलाही नकोय, उस्ताद," ती म्हणाली. "त्या सातांतल्या तिघांच्या वर्द्या मीच शिवल्या होत्या. मी म्हणते, तोंडाने वाद घालण्यापेक्षा करून बघू. तुमच्या मैदानावर, तुमच्या पोरांना घेऊन. माझं चुकलं तर मी इथे येऊन तसं लिहून देईन."

अध्यक्षबाईंनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "करून बघू," ते म्हणाले. "माझं चुकलं तर मीही लिहून देईन."

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी आठ वाजता पोलीस शाळेच्या मैदानावर प्लायवूडची गल्ली उभी राहिली. दोन भंगार गाड्या, एक टपरी, पाण्याची टाकी. बारा नवे शिपाई, त्यांच्या हातात रंगाच्या गोळ्या मारणारी पिस्तुलं. दादाच्या ओळखीची, ऐकू न येणारी सहा माणसं आली होती. कुणाच्या हातात ड्रिल, कुणाच्या हातात छत्री, कुणाकडे मोबाइल. त्यांच्यात उस्तादांनी खरोखर रंग झाडणारे दोन 'लुटारू' मिसळून दिले. कोण कोण आहे, ते शिपायांना माहीत नव्हतं.

सकाळी जुन्या पद्धतीने झालं. आरोळी, आरोळी, आरोळी, गोळी. सहा निरपराध माणसांपैकी चौघं लाल रंगाने माखली. आणि गंमत अशी, की रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडणाऱ्या शिपायांपैकी तिघांना लुटारूंनी आधीच टिपलं. उस्तादांचा मिशीवरचा हात खाली आला.

मग मैदानात लांब्या उतरला. दोन रविवार दादाबरोबर बसून त्याने सगळं ठरवलं होतं. "तीनच गोष्टी," त्याने शिपायांना सांगितलं. "आड, अंतर, अवधी. आधी कशाच्या तरी आड व्हा. अंतर राखा. म्हणजे अवधी मिळतो. मिळालेल्या अवधीत ओरडा, टॉर्च चमकवा, त्याच्या नजरेत या. आणि हा हात." त्याने तळवा पुढे केला, मग सावकाश जमिनीकडे नेला. थांब, खाली ठेव. ते बघून कुठल्याही देशातला माणूस समजला असता.

दुपारी तीच गल्ली, तेच शिपाई. फक्त माणसांच्या जागा बदललेल्या. शिपाई टपरीआड गेले, गाडीआड गेले, टॉर्च चमकले, तळवे वर झाले. एकेक जण वळला, दचकला आणि त्याने हातातली वस्तू खाली ठेवली. छत्री. मोबाइल. ड्रिल. सहाच्या सहा जण कोरडे ठणठणीत. दोन लुटारूंपैकी एकाने पिस्तूल टाकलं, दुसऱ्याने झाडलं, त्याचा रंग गाडीच्या पत्र्यावर उडाला आणि उत्तरादाखल त्याच्या छातीवर लाल ठिपका उमटला. शिपायांपैकी एकाच्याही अंगावर रंगाचा थेंब नव्हता.

उस्ताद बाराही पोरांपाशी गेले. प्रत्येकाला पुढून-मागून फिरवून पाहिलं, जणू वर्दी नीट बसलीय का ते बघतायत. मग टाचणीपुढे येऊन उभे राहिले.

"तुमची सहा वाचली ते दिसलंच मला," ते म्हणाले. "माझी बाराही वाचली की हो! आणा कागद, कुठे लिहून देऊ?"

टाचणीने पदर डोळ्यांना लावला. त्याला काठाशी टाचणी होती ती नाकाला टोचली, आणि रडता रडता ती खो खो हसत सुटली.

लढाई जिंकली तरी शब्दांची राहिली होती. समितीने मसुदा केला: 'शक्य त्या परिस्थितीत दृश्य स्वरूपाच्या पूरक सूचनेचा अवलंब करण्यात यावा.' टाचणीने तो वाचला आणि अध्यक्षबाईंना विचारलं, "हे वाक्य पळता पळता आठवेल का एखाद्या शिपायाला? मला बसूनही कळलं नाही."

अध्यक्षबाई हसल्या. पेन तिच्याकडे सरकवत म्हणाल्या, "मग सांगा तुम्ही, आम्ही लिहितो."

चार महिन्यांनी मंत्र्यांची सही झाली. चौथं कलम आता असं होतं: 'इशारा आवाजाने द्यावा आणि हातानेही द्यावा. तो समोरच्यापर्यंत पोचला का, हे पाहावे. जीव तत्काळ धोक्यात नसेल, तर आडोसा घेऊन समोरच्याला वेळ द्यावा.' त्याच दिवशी पोलीसप्रमुख स्वतः, बरोबर कुणी न घेता, रस्ता ओलांडून दुकानात आले. त्यांच्या हातात नवं पत्र होतं. तेही चारच ओळींचं, पण पहिलीच ओळ होती: 'आपली काहीही चूक नव्हती.' दुसऱ्या ओळीत माफी मागितलेली होती. दादाने ते दोनदा वाचलं, घडी घातली, आणि साहेबांच्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय हे बहिणीला खुणेने दाखवलं. साहेब बटण लावून होईपर्यंत बनियनवर, आईने दिलेला चहा पीत बसले. इतका थोर पाहुणा इतक्या कमी कपड्यांत आपल्या घरी पहिल्यांदाच बसला, असं आई पुढे कित्येक दिवस सांगत होती.

दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं परत आली, दोन नाही आली. त्याने खुणा नव्याने, डाव्या हाताने बसवल्या. पोलीस शाळेने त्याला आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलं. पहिल्या तासाला पोरं गालातल्या गालात हसत होती. दादाने त्यांना कानांत बोळे घालायला लावले, गल्लीत पाठमोरं चालवलं आणि लांब्याला मागून ओरडायला सांगितलं. दुसऱ्या तासाला कुणी हसलं नाही. लांब्या आता तिथेच उस्तादांच्या हाताखाली शिकवत होता, आणि त्याला झोप लागत होती. फितूर कुणी म्हटलंच, तर उस्ताद त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावत.

पुढच्या साली, भर दुपारी, बस आगारातून फोन आला. प्रतीक्षालयात एक माणूस वीतभर पात्याची सुरी घेऊन भिंतीला पाठ लावून उभा आहे, माणसं पळतायत. सगळ्यांत आधी पोचली ती दादाच्या पहिल्या तुकडीतली एक शिपाई पोरगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने पिस्तूल काढलं. ओरडली. माणूस हलला नाही. तिने लोकांना बाहेर काढलं, तिकीट खिडकीच्या आड झाली, आणि पिस्तूल जमिनीकडे रोखून दुसऱ्या हाताचा तळवा वर केला. सावकाश खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. अकरा मिनिटं. तो परक्या देशातला जहाजावरचा आचारी होता. कुणीतरी त्याला मारून लुटलं होतं, आणि इथल्या भाषेचा एक शब्दही त्याला कळत नव्हता. बाराव्या मिनिटाला त्याने सुरी फरशीवर ठेवली आणि तिथेच बसून ओंजळीत तोंड लपवून रडला. चष्मेवालीने पिस्तूल परत कमरेला लावलं. एकही गोळी न सुटता माणूस जिवंत, पोलीस जिवंत, आगार जिवंत.

ती तिथून थेट दुकानात आली. धापा टाकत सगळं सांगितलं. टाचणी तोंडातल्या टाचण्या काढायची विसरून तशीच ऐकत होती. दादाने विचारलं, 'हात कसा केलास, दाखव.' तिने करून दाखवला. दादाने गंभीरपणे पुढे होऊन तिचं कोपर दोन बोटं खाली केलं. मग तिला एकदम उचललंच!

त्या शनिवारी उस्तादांनी सगळी शाळा मैदानावर उभी केली. पाचशे जण रांगेत. आईला पहिल्या रांगेत खुर्ची. चष्मेवालीला पदक लावलं, तेव्हा ती रांग मोडून गेली आणि दादाला हाताला धरून पुढे घेऊन आली. टाळ्या वाजणार, इतक्यात लांब्याने दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि तळवे हलवले. पाठोपाठ पाचशे जणांनी हात उंच केले. मैदानावर चकार आवाज नाही, नुसते हजार तळवे वाऱ्यावरच्या पानांसारखे हलतायत. दादा बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी त्याला कळेल अशी दाद दिली होती.

मग उस्ताद पुढे आले. आठवडाभर चोरून तालीम करून त्यांनी 'तुझा अभिमान वाटतो' ही खूण पाठ केली होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर, छाती काढून, दोन्ही हातांनी केली. दादाचा चेहरा आधी गोंधळला, मग फुलला, आणि तो पोट धरून हसायला लागला. टाचणी तर खालीच बसली.

"काय झालं? काय म्हणाले ते?" आईने विचारलं.

"काही नाही गं," टाचणी कशीबशी म्हणाली. "उस्ताद दादाला म्हणाले, जा, अंघोळ कर."